रावजी कंपाउंडर आणि गोळीचं यंत्र

रावजी गांगुर्डे आमच्या तुरुंगाच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. मी तिथल्या सुतारखात्यात निदेशक होतो, शिक्षा झालेल्यांना रंधा मारायला शिकवायचो. दवाखाना आणि सुतारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे रावजीचं बोलणं मला रोज ऐकू यायचं. न ऐकण्याची सोय नव्हती.

माणूस मनाने चांगला, पण बोलायला बसला की समोरच्याला जीव नकोसा व्हायचा. वणीच्या बाजूचा राहणारा. बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी घाटात बंद पडली, ही त्याची आवडती गोष्ट. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ती गाडी घाटातच होती. मांडवापर्यंत पोचलेली कुणी ऐकली नाही. रावजी येताना दिसला की शिपायांना एकदम आपापली कामं आठवायची. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत, तेही बहुधा याच भीतीने.

नव्वद सालानंतर गर्दच्या नशेच्या नादी लागलेले कैदी वाढले. सातपूरच्या कारखान्यांतले कामगार असत, तशी चांगल्या घरची मुलंही असत. त्यांच्यावर तेव्हा उपचार म्हणजे थंड पाण्याची बादली आणि शिपायाच्या शिव्या. दोन हजार सालानंतर वरच्यांना दया आली आणि गर्दची ओढ थांबवणारी गोळी सुरू झाली. ही गोळी गिळायची नसते. जिभेखाली धरून हळूहळू विरघळू द्यायची, तोवर तोंड मिटून बसायचं.

रावजीचं नशीब उघडलं ते असं. समोर बाकावर माणसं, सगळ्यांची तोंडं बंद, आणि उठून जायला मनाई! असे श्रोते मोठमोठ्या वक्त्यांनाही मिळत नाहीत. रावजी रोज सकाळी गोळ्या द्यायचा आणि गाडी घाटात चढवायचा. बोलता बोलता त्याचं लक्ष मात्र प्रत्येकाच्या गालावर असे.

"ए सुनील, गाल का फुगला? इकडे वऱ्हाड उन्हात उभं आहे आणि तू गोळी सरकवतोस होय?"

सुनील हा सातपूरचा, लेथवर काम करणारा. तो मुकाट्याने गोळी परत जिभेखाली घ्यायचा. रावजीच्या गोष्टीपेक्षा गर्द सोडणं सोपं, असं तो पुढे मला म्हणाला.

मग नवे साहेब आले. त्यांना सगळं आधुनिक हवं होतं. कुठल्याशा संस्थेकडून त्यांनी एक यंत्र भेट मिळवलं. पोलादी कपाट, त्याला एक काच. काचेवर अंगठा ठेवला की यंत्र माणूस ओळखायचं आणि त्याची गोळी खाली वाटीत पडायची. उद्घाटनाला साहेब म्हणाले, "यंत्र चुकत नाही, लाच खात नाही, आणि गप्पा मारत नाही." सगळ्यांनी रावजीकडे बघून टाळ्या वाजवल्या. रावजीनेही वाजवल्या.

त्याची रवानगी कैद्यांच्या सतरंज्या-कांबळ्यांच्या गोदामात झाली. गालाकडे बघणारं कुणी उरलं नाही. गोळ्या गालात बसून बराकीत जायला लागल्या आणि विड्यांच्या बदल्यात विकल्या जायला लागल्या. रावजी साहेबांकडे गेला.

"साहेब, गोळी विरघळेपर्यंत कुणीतरी बसायला पाहिजे. मला बाकावर परत घ्या."

"गोळी वाटीत पडली, नोंद झाली, विषय संपला. यंत्र बंद पडलं तर बोलावतो तुला."

यंत्र बंद पडावं म्हणून रावजीने वणीच्या गडावर देवीला नवस बोलल्याचं गोरक्ष शिपाई सांगायचा.

त्याच वर्षी दसरा आला. तुरुंगात शस्त्रपूजा असते. बंदुका, बेड्या, किल्ल्या, माझे रंधे आणि पटाशा, सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली. यंत्राला तर जाडजूड हार. साहेबांनी स्वतः कुंकू भिजवलं आणि यंत्रावर बोटाने छान स्वस्तिक काढलं. जागा गुळगुळीत म्हणून नेमकं अंगठ्याच्या काचेवर.

गोळीची वेळ झाली. पहिल्याने अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसऱ्याने ठेवला, लाल दिवा. काय झालंय ते आंधळ्यालाही कळलं असतं. पण पुसायचं कुणी?

"साहेबांच्या हातचं कुंकू हाय," गोरक्ष म्हणाला. "आन् दसऱ्याला कुंकू पुसत्यात का कुठं? आपल्याला नाय जमणार."

गोळ्या यंत्रात बंद, आणि यंत्राची किल्ली पुण्याच्या इंजिनिअरकडे. त्याने फोनवर विचारलं, "काच स्वच्छ आहे ना?"

"अगदी स्वच्छ," साहेब म्हणाले. "आजच पूजा केली आहे."

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येणार होता. दुपारपर्यंत माणसांना घाम सुटला, हाडं दुखायला लागली. सुनील भिंतीला टेकून ओकत होता. बराकीत गर्दची पुडी मिळते हे सगळ्यांनाच माहीत होतं. साहेबांनी रावजीला बोलावलं. "यंत्र बंद आहे तोवर तू इथेच. यांना गुंतवून ठेव."

रावजीला त्याचा बाक मिळाला. त्याने घसा साफ केला.

"काका," सुनील थरथरत म्हणाला, "आज तोंड मोकळं आहे माझं. ती गाडी सुरू केलीत तर मीच दरीत ढकलीन."

कुणी हसलं नाही.  रावजी उठला, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि यंत्राकडे गेला.

"ओ रावजी! नोकरी जाईल!" गोरक्ष ओरडला.

"गोदामात आहे मी. त्याच्या खाली कुठे टाकतील?"

काच पुसली गेली. सुनीलने अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला, गोळी पडली.

आरडाओरडा ऐकून साहेब आले. "कुंकू कुणी पुसलं?"

रावजीने यंत्राच्या वरच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे बोटाचा एक लाल टिळा होता. "पुसलं नाही साहेब. खाली लागलं होतं, कपाळावर घेतलं."

साहेबांनी मान मागे करून टिळा बघितला. "हं. तिथेच शोभतं. यंत्र सुरू झालं का?"

"झालं साहेब."

"मग तू इथे काय करतोयस?"

रावजी कांबळ्यांच्या गोदामात परत गेला. निवृत्त होईपर्यंत तिथेच होता. पण दर दसऱ्याला त्याला दवाखान्यात मानाने बोलावत, यंत्राला कुंकू कुठे लावायचं ते साहेबांना दाखवायला.