कॉम्प्युटर विचारतो, पाठवू का?

माझ्या टेबलावरचा माउस जागचा हलला नव्हता आणि स्क्रीनवरचा बाण मात्र फिरत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

जळगावात एका केळीच्या व्यापाऱ्याकडे मी वर्षानुवर्षं एकच काम करतो. कोणाची बाग कोणती टोळी कापणार आणि माल कोणत्या गाडीत भरणार, हे कॉम्प्युटरवर जुळवायचं आणि टोळीच्या मुकादमाला मेसेज सोडायचा. मेसेज गेला की टोळी निघते, बागेत कोयता लागतो. एकदा कापलेला घड झाडाला परत लागत नाही, म्हणून पाठवायचं बटण दाबायच्या आधी मी चष्मा पुसतो. लोक हसतात. हसू देत.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण त्यांची सून शिकली पुण्यात. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. माझं काम करणारा एआय तिनेच कॉम्प्युटरमध्ये आणून बसवला. "भाऊ, तुमचा ताप कमी होईल," ती म्हणाली. ताप कमी करतात आणि मग माणूसही कमी करतात, हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हतो.

पण सुरुवातीला तो मला आवडला, खोटं कशाला बोलू! एक क्लिक करायचा, स्क्रीनचा फोटो घ्यायचा, त्यात नीट बघायचा, मगच पुढची क्लिक. माझ्यासारखाच संशयी. एक बाग जुळवायची तर माझा चहा संपून कप वाळायचा. वहिनी वैतागली. तिने त्याला नवी रीत शिकवली. बाग निवड, टोळी निवड, गाडी निवड, पाठव, हे सगळं त्याने एका दमात करायचं आणि फोटो फक्त शेवटी एकदा घ्यायचा.

"आणि मधेच काही खिडकी उघडली तर?" मी विचारलं.

"भाऊ, तुम्हाला संशय घ्यायला काहीतरी लागतंच."

लागतं. कारण चोपड्याकडच्या एका अक्काची बाग माझ्या भरवशावर होती. नवरा गेल्यानंतर ती एकटीच मळा बघते. श्रावणात तिच्या घरी कानबाई बसते आणि देवीच्या मांडवाचे केळीचे खांब तिच्याच बागेतून निघतात. ते निघेपर्यंत बागेला लोखंड लावायचं नाही, ही त्या घरची रीत. दादल्यामागची ही पहिलीच कानबाई. तिने फोन करून सांगितलं होतं, "भाऊ, पहिला खांब कानबाईना शे. तोवर मन्हा मयाले कोयता लागाले नको." मी तिच्या बागेवर 'थांबा' अशी खूण करून ठेवली होती.

आणि झालं ते माझ्या म्हणण्यासारखंच. एक दिवस त्याचं एका दमात चाललेलं असताना मधेच प्रिंटरची कसलीशी खिडकी उघडली. पहिली क्लिक त्या खिडकीनेच खाल्ली आणि पुढच्या सगळ्या भलत्याच ओळीवर पडल्या. टोळी आधीच कापून झालेल्या बागेत जाऊन उभी. मुकादमाने फोनवर माझा उद्धार केला. इतक्या शिव्या खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

वहिनीने मुकाट्याने रीत बदलली. निवडानिवड एका दमात चालेल, पण पाठवायच्या आधी त्याने थांबायचं, फोटो बघायचा आणि मला विचारायचं, 'पाठवू का?' मी एंटर दाबला तरच मेसेज जाणार. "इथे तुमच्यासारखा संशयीच माणूस पाहिजे," ती म्हणाली. आता ही थट्टा की नोकरीची हमी, हे मी बरेच दिवस घोळवत बसलो.

पहिले काही दिवस मी प्रत्येक ओळ वाचली. चूक सापडेना. चष्मा पुसायचं कधी सुटलं, माझं मला कळलं नाही. पाठवू का? एंटर. पाठवू का? एंटर.

कानबाईच्या आधी तर नुसती झुंबड उडाली. सणाला टोळ्या सुट्टीवर जाणार, म्हणून जो तो आपली बाग आधी कापून मागत होता. माझ्या एका कानाला फोन, पाचोऱ्याकडे बंद पडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरशी हुज्जत चाललेली आणि बोट एंटरवर. एंटर दाबला, पण मेसेज गेल्याची नेहमीची टिंग वाजली नाही. मी वर पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'मेसेज पाठवलेला नाही. ही बाग थांबवायला तुम्हीच सांगितलं होतं. खरंच पाठवायचा?'

बाग अक्काची होती. शेठजींनी गाडी भरायला तीही बाग कापायला सांगून ठेवली होती आणि मी न वाचता हो म्हटलं होतं. मी ड्रायव्हरचा फोन कापला. हे असं विचारणं वहिनीने शिकवलं की त्याचं त्यालाच सुचलं, याचा मला अजून संशय आहे. पण त्याला माझा संशय आला होता, एवढं खरं.

मी 'नाही' दाबलं. तरी जीव राहीना. नाही म्हणतो आणि मागच्या दाराने मेसेज सोडून मोकळा झाला असेल तर? मी अक्काला फोन लावला. "अक्का, टोळी आली का हो तुमच्याकडे?"

"नही भाऊ," ती हसली. "तुम्ही शेतस ना तठे. मंग कशी ई?"

मी इथे असताना टोळी येईलच कशी, हा तिचा भरवसा. कानबाईच्या तयारीचं काहीबाही विचारून मी फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसलो.

संध्याकाळी निघताना वहिनीने विचारलं, "काय भाऊ, आज काही गडबड?"

"लक्ष ठेवावं लागतं, वहिनी," मी म्हणालो.

कोणावर, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.