कमरेची काडेपेटी

नातीला ऑफिसात बढती मिळाली. हाताखाली नऊ जण आले. रविवारी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी येऊन ऐटीत म्हणाली, "आजी, माझ्या टीममध्ये कुणी उलटून बोलत नाही. सगळे चिडीचूप."

मी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. का, ते तिला सांगितलं. तेच इथं लिहिते.

पस्तिशीत मी कडक भाकरीच्या कारखान्यावर मुकादम होते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट खोली, सहा शेगड्या आणि आठ बायका. पण माझी चाल अशी, की बघणाऱ्याला वाटावं कलेक्टरीणबाईच निघाल्यात. शेगड्या पेटवायच्या त्या फक्त मी. काडेपेटी माझ्या कमरेला खोचलेली. खिडकी उघडायची तर मला विचारून. आणि माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही. बोललं की भाकरी जाड होते, असा शोध मी लावला होता. खरं सांगायचं तर बायका कुजबुजल्या की त्या मलाच हसतायत असं वाटायचं. भीती माझी; शिस्त म्हणून ती मी त्यांना वाटून टाकली होती.

अक्कलकोटकडची एक नवी बाई आली होती. कानडी सरसर बोलायची, मराठी अडखळत. तिसऱ्याच दिवशी सिलिंडरची रबरी नळी दाखवत म्हणाली, "अक्का, ही बदलायची न्हाय का?"

"तू कालची आलेली. भाकरी थाप," मी सगळ्यांसमोर म्हटलं. नळीकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मरणाची, खिडक्या बंद. मला पडसं झालेलं. नाकाखाली ठेचा धरला असता तरी कळला नसता. आल्या आल्या मी सिलिंडरचं बटण फिरवलं आणि शेगडी पेटवायच्या आधीचं रोजचं भाषण सुरू केलं. भाकरी पातळ हवी, पदर खोचलेला हवा, वेळेवर यायला हवं. त्या दिवशी भाषण जरा जास्तच रंगलं. बायका कधी नव्हे इतक्या टक लावून ऐकत होत्या. मला वाटलं, आज यांना पटतंय.

भाषण संपवून काडी काढली. पेटीवर ठेवली.

तेवढ्यात नव्या बाईनं परातीजवळचं पाण्याचं भांडं उचललं आणि माझ्या हातांवर ओतलं. काडेपेटी भिजून लगदा. मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तर ती सिलिंडरकडं धावलेली. बटण बंद करून तिनं दार ढकललं, मग खिडक्या. बाकीच्या पाठोपाठ बाहेर पळाल्या. मी तिथंच उभी. तिनंच मला दंडाला धरून ओढलं.

बाहेर आल्यावर ती हात जोडून उभी राहिली. "तप्पायतु अक्का, चूक झाली. कामावरनं काढू नका." मरणातून सुटलेली बाई गॅसला नाही, मला भीत होती.

मी थोरल्या बाईला विचारलं, "तुम्हाला वास आला होता?"

"मगाशीच आला की."

"मग?"

"तुमी बोलत हुता. मधी कसं बोलायचं?"

माझ्या नखात त्या काडीचा गूल ओला होऊन चिकटला होता. आठ बायका, त्यांच्या घरी वाट बघणारी लेकरं, आणि मी, एवढं सगळं त्या गुलाएवढ्या जागेवर टेकलेलं होतं. सगळ्यांना ठाऊक, मला सोडून.

नळी त्याच दिवशी बदलली. बायका मात्र बदलेनात. मी रोज विचारायची, "काही चुकतंय का?" उत्तर यायचं, "न्हाय अक्का." तो 'न्हाय' ऐकला की मी कुत्र्यासारखी नळ्या हुंगत फिरायची.

महिना उलटला असेल. मी बोलत होते आणि थोरली पिठातला हात न काढता म्हणाली, "अक्का, आवरा की आता. पीठ वाळाय लागलं."

आता ही काय करते म्हणून सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तोंड मिटलं, कमरेची काडेपेटी काढली आणि नवीच्या हातात दिली.

तिनं आधी खिडक्या उघडल्या. मग नळीला नाक लावलं. मग कुठं काडी ओढली.

मी तोवर दाराबाहेर जाऊन उभी होते, पळायच्या बेतानं चपला घालून.