मालनची आटीव पिशवी

राजापूरपासून सहा मैलांवरच्या एका वाडीत मालन पाष्टे बालवाडी चालवायची. नवरा मुंबईला गोदीत, घरात ती आणि सासू सुंदराबाई. मालनच्या हातात कसब होतं. गोधड्या, क्रोशाचे रुमाल, दारावरची तोरणं, सगळं ती एकदा बघून करायची. पण एखादी गोष्ट मनात भरली की ती जमेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. आणि जमली नाही तर घरातली भांडी जरा जास्तच आपटायची.

चौऱ्याऐंशी साली आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले. त्यांची बायको डेहराडूनकडची. मालन तिच्याकडून दोन सुयांवर विणायला शिकली. त्या बाईंची एक लोकरीची पिशवी होती, घोंगडीसारखी घट्ट. एक टाका दिसत नव्हता, वर पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून जायचे. मालनला रोज बालवाडीची हजेरीवही आणि चित्रांचे पुठ्ठे घेऊन कातळावरून दीड मैल चालायचं असे, आणि कापडी पिशवीत पावसाळाभर वहीचा लगदा होई. तिची नजर त्या पिशवीवर खिळली.

"आधी मोठी विणायची," डॉक्टरीणबाईंनी हिंदीत सांगितलं, "मग कढत पाण्यात साबण घालून चोळायची. आटते आणि घट्ट होते."

किती मोठी, किती वेळ, हे विचारायचं राहून गेलं. महिन्याभरात डॉक्टरांची बदली झाली.

मालनने राजापूरच्या बाजारातून लाल लोकर आणली आणि दोन महिने विणली. घरच्या पायलीपेक्षा मोठी थैली झाली. एका रविवारी न्हाणीतल्या हंड्यात पाणी उकळवून तिने ती आत सोडली. सुंदराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय शिजवतंस गो?"

"लोकर."

"मग मीठ घाल. नायतर अळणी होल."

मालनने काठीने थैली बाहेर काढली. दगडावर घालून तिने दुपारपर्यंत थैली चोळली, पुन्हा उकळली, पुन्हा चोळली. हाताची सालं निघाली. थैली एक बोटभरही आटली नाही. उलट ओली झाल्यावर लोंबून लांब झाली, आणि दोरीवर घातल्यावर एखाद्या माणसाचा लेंगा वाळत घातल्यासारखी दिसू लागली. तिने आणखी दोनदा तेच केलं. मग ती उसवून गुंडी करून माळ्यावर फेकली.

मे महिन्यात महिपत आला. तो घाटावरचा, दरवर्षी लावणीच्या आधी घोंगड्या विकत वाड्यावाड्या फिरायचा. मालनने त्याला पाणी दिलं आणि ती लाल गुंडी पुढे ठेवली. त्याने एक धागा तोडून काडी लावली. धागा वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. मग त्याने स्वतःच्या घोंगडीचा एक धागा जाळला. त्याची राख झाली, आणि केस जळाल्यासारखा वास सुटला.

"ताई, ह्यो मेंढराचा न्हाय," महिपत म्हणाला. "कारखान्याचा हाय. जल्मभर उकळला तरी आटायचा न्हाय."

मालन दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने राजापूरला गेली. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, सगळे लोकर म्हणूनच नेतात. कोणी अजून उकळून बघितली नव्हती."

त्या संध्याकाळी मालनच्या घरातली भांडी बराच वेळ वाजत होती. 

महिपतला तिने सांगून ठेवलं होतं, म्हणून दिवाळीनंतर मुद्दाम फेरी मारून त्याने खरी लोकर आणून दिली. काळी, हातानं कातलेली, मेंढ्यांचा वास असलेली. विणताना बोटं खाजायची. पण यावेळी मालन हुशार झाली होती. तिने वहीचं माप घेतलं, सगळ्या बाजूंनी दीडपट धरलं आणि पिशवी विणली. हंड्यात घातली, रिठे टाकले, दगडावर घोळून चोळली. तासाभरात टाके दिसेनासे झाले. लोकर तिच्या हाताखाली जाड होत चालली तसा तिला कितीतरी महिन्यांनी जरा हुरूप आला, आणि त्या भरात ती थांबली नाही.

पाणी पिळून पिशवी पाटावर ठेवली तेव्हा तिला कळलं. आडवी बेताची आटली होती, पण उभी निम्म्याने कमी झाली होती. हजेरीवही आत घातली तर चार बोटं बाहेर. विणलेलं कापड उभं जास्त आटतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने ओली पिशवी दोन्ही हातांनी ओढून बघितली. ती तसूभर हलली नाही. इतकी घट्ट झाली होती की कात्रीनेही कापवेना.

"चांगली झालीय की," सुंदराबाई म्हणाल्या, आणि यावेळी त्या थट्टा करत नव्हत्या.

"चांगली नाही झाली, आई. वही मावत नाही."

"मग वही बारकी घे."

मालन घागर उचलून तडक विहिरीवर गेली.

तिसरी पिशवी तिने शहाऐंशीच्या उन्हाळ्यात केली. उंची दुप्पट धरली. ती मापात आली, फक्त एक बाजू तिरकी झाली, आणि बंद इतका आटला की खांद्याऐवजी कोपरात अडकवावा लागे. पावसात वही कोरडी राहिली. पण ओली पिशवी अडीच शेर जड होई, आणि तिला असा उग्र वास येई की बालवाडीतली पोरं नाक धरून म्हणत, "बाई, मेंढी आली."

पर्यवेक्षिका तपासणीला आल्या तेव्हा कोरडी वही बघून म्हणाल्या, "छान कल्पना आहे. इतर बायांनाही शिकवा." मालनने मान हलवली. शेजारच्या वाडीच्या बालवाडीतली चिमा तिथेच होती. ती वाटेत मालनच्या मागे लागली.

"मला शिकव ना गं. किती दिवस लागतील?"

"मला दोन वर्षं लागली," मालन म्हणाली. "आणि बघ, अजून तिरकीच आहे."

"तिरकी चालेल मला."

मालन थांबली. चिमाला तिरकी चालणार होती, सासूला आखूड चालत होती, दुकानदाराला खोटी लोकर चालत होती. फक्त तिलाच काही चालत नव्हतं. तिने पिशवी कोपरातून काढून दुसऱ्या हाताला घेतली.

"तू रेक्झिनची घे," ती म्हणाली आणि झपाझप चालू लागली. चौथ्या पिशवीसाठी उंची किती टाके वाढवावी, याचा हिशेब तिच्या डोक्यात तेव्हाही चालूच होता, आणि तो काही केल्या जुळत नव्हता.