कुमुदच्या नावाने अडवलेली खोली

कुमुद, मी नागपूर सोडलं त्या दिवशी विमानतळावर तू माझ्या पिशवीत संत्रा बर्फीचा डबा कोंबलास आणि म्हणालीस, "दादा, तिकडे तोंड शिवून बसू नकोस. माणसं जोड." मी मुलाकडे आयर्लंडात, डब्लिनच्या कडेच्या ॲडम्सटाउनला आलो. इथे मी काय केलं ते तुला कळायला हवं, कारण त्यात तुझं नाव आहे.

नोव्हेंबरात नातीच्या, रेवाच्या शाळेची सेवासहल डब्लिन शहरात गेली. सोबत मोठी माणसं हवी होती, म्हणून मीही गेलो. दिवसभर शिक्षिका शहर दाखवत होत्या. इथल्या भटक्या ट्रॅव्हलर लोकांना आजही खोली कशी नाकारतात, काळ्या माणसाला दारातून कसं परत पाठवतात, हे सांगत होत्या. मी मान हलवत होतो. संध्याकाळी आम्ही बेघरांना सूप वाढायला गेलो. रांग गल्लीच्या वळणापलीकडे गेली होती. वाढणाऱ्यांत एक मराठी मुलगा निघाला. अमोल, शिकायला आलेला. त्याची भाड्याची खोली सुटली होती, मित्राच्या सोफ्यावर झोपत होता.

रेवा लगेच म्हणाली, "आजोबा, अवर बॉक्सरूम इज एम्प्टी! ही'ड बी ग्रँड देअर."

बॉक्सरूम म्हणजे आमच्या घरातली छोटी जादा खोली. अमोलचा चेहरा उजळला. मी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"अमोल म्हणा ना, काका."

"तसं नाही, पण पूर्ण नाव?"

त्याच्या हातातला डाव थांबला. "इथेही का, काका?" तो हसला आणि त्याने आडनाव सांगितलं.

आपले बाबा पाणी देण्याआधी आडनाव विचारायचे, आठवतं? मला जात कळली. मी म्हणालो, "खोली रिकामी नाही हो. माझी बहीण येतेय राहायला."

"बरं. त्यांना जाड स्वेटर आणायला सांगा. थंडी वाईट आहे."

घरी रेवाने विचारलं, "बाबा, कुमुद आजी कधी येणार?" माझा मुलगा म्हणाला, "कोण म्हणालं येणार?" रेवा माझ्याकडे वळली. "आजोबा, यू डिड द थिंग. टीचर सांगत होत्या तेच," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा अमोलला आणायला गेला. सूप वाटायला अमोल आला नव्हता. त्याचा मित्र म्हणाला, सोफाही सोडला, कुठे गेला माहीत नाही. फोन बंद. त्यानंतर हिमाचा तडाखा बसला. तो अजून सापडलेला नाही.

रेवाने बॉक्सरूममध्ये अंथरूण घालून ठेवलंय. तू उन्हाळ्यात येते म्हणतेस. ये, पण हॉलमध्ये झोपावं लागेल. ती खोली अमोलची आहे. आणि माझं घर म्हणशील तर ते आता असं आहे, की फोन वाजला की उचलण्याआधी सगळे माझ्याकडे बघतात.