कागदावरची सावली

ओमानमध्ये दुक्मला मी टाइमकीपर होतो. रिफायनरीच्या बाजूला टाक्या उभ्या राहत होत्या. कोण किती वाजता कामावर आला, कधी उतरला, किती वेळ बसला, हे शीटवर लिहिणं माझं काम. त्या शीटवर खाली माझी सही असे, म्हणून मी जे लिहीन ते खरं धरलं जाई.

उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायचं नाही, असा इथला कायदा आहे. नोटीस शेडच्या खांबावर अरबी, इंग्रजी आणि हिंदीत लावलेली होती. पण त्या वर्षी टाकी ताब्यात द्यायची तारीख जवळ आली आणि फोरमनने एक दिवस मला बाजूला घेतलं. तो आपल्याच देशातला, वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं होतं. म्हणाला, "हे काय मस्कत नाही. इथे समुद्राचा वारा आहे. परांचीवाल्यांना एक तास जास्त चढवतो. तू शीटवर रेस्ट लिही."

मी लिहिलं. एक दिवस नाही, चार दिवस लिहिलं. माझा व्हिसा त्याच कंपनीचा, बायको आणि मुलगी मस्कतला, मुलीची शाळा चालू. ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली होती.

परांची बांधणाऱ्या टोळीत सिंधुदुर्गातले एक काका होते. वय पन्नाशीच्या पुढे, आखातात वीस-बावीस वर्षं काढलेली. फारसं बोलत नसत. हातमोज्यांच्या आत तळहाताला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळत. मी एकदा विचारलं, वारा असतो तरी इतकं भाजतं का? तर म्हणाले, "वारो आपणाक लागता. लोखंडाक लागणा नाय."

पाचव्या दिवशी साडेबाराचा भोंगा झाला. काका खाली उतरले, शेडमध्ये बाकावर बसले आणि बूट काढले. बूट काढणं म्हणजे लगेच उठायचं नाही, हे सगळ्यांना कळलं. फोरमन आला.

"क्यों बैठा है? यल्ला, ऊपर."

"साढ़े तीन के बाद जाएगा साब."

"तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट कब खतम होता है, मालूम है ना?"

"मालूम है," काका म्हणाले. आवाज चढवला नाही, नजरही खाली घातली नाही.

शेजारच्या बाकावर फिलिपिन्सचे तीन वेल्डर बसले होते. त्यांना हिंदी येत नव्हती, पण काय चाललंय ते समजलं असावं. एकाने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग दुसऱ्याने. काकांच्या टोळीतलं कोणीच उठलं नाही. फोरमन फोन कानाला लावत निघून गेला.

मी शीट घेऊन तिथेच होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं. "चार दिवस तुमी आमका कागदार सावलीत बसवल्यात," ते म्हणाले. "आज आमी खरेच बसलव. आज लिवा."

त्या बोलण्यात राग नव्हता. माझं जेवण तसंच राहिलं. दोन वाजता मी चारही दिवसांच्या शीट काढल्या, चुकीच्या वेळा खोडल्या, खऱ्या लिहिल्या, प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली आणि साइट इंजिनिअरच्या केबिनमध्ये गेलो. तो ओमानी, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्याने चारही कागद सावकाश वाचले.

"हे तू आधी लिहिलं होतंस?"

"हो."

"का?"

"टाकीची तारीख," मी म्हणालो. त्याने कागद फाइलला लावले. "खलास," तो म्हणाला. "साडेबारा म्हणजे साडेबारा." त्या दिवसापासून भोंगा झाला की सगळे खाली येत. टाकी बारा दिवस उशिरा दिली गेली. आभाळ काही कोसळलं नाही.

पण दोन महिन्यांनी कराराच्या नूतनीकरणाची यादी आली. त्यात माझं नाव होतं. फोरमनचंही होतं. काकांचं नव्हतं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, प्रोजेक्ट संपत आलाय. त्यांच्या टोळीतले बाकी सगळे मात्र राहिले होते.

काका घरी परत जायची तयारी करत होते. करार संपला की जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम धरता येतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. उत्तरेकडे खाबुऱ्याला माझ्या ओळखीचा एक सुपरवायझर होता, त्याला फोन केला. शेतांवर पॅकिंगच्या शेड उभारणाऱ्या एका छोट्या ठेकेदाराला परांचीचा माणूस हवा होता. पगार दुक्मपेक्षा कमी. काका म्हणाले, चालात.

करारावर सही करायच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. शुक्रवार होता. लिंबाच्या बागेला लागून त्यांची खोली, बाहेर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. "सगळा वाचून दाखवा," ते म्हणाले, "काय एक सोडू नकात." मी एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेलो. रजेच्या कलमाशी त्यांनी थांबवलं.

"गणपतीक रजा गावतली?"

"परस्पर संमतीने, असं लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मालक हो म्हणाला तर."

अकरा वर्षं त्यांच्या घरचा गणपती त्यांच्याशिवाय बसत होता. ते उठले आणि सही न करताच बागेत उभ्या असलेल्या ठेकेदाराकडे, म्हणजे नव्या मालकाकडे गेले. मी मागोमाग गेलो. म्हातारे अर्बाब (इथे मालकाला असंच म्हणतात) सगळं ऐकून म्हणाले, "इन्शाल्ला." म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर.

काका मोडक्या अरबीत म्हणाले, "इन्शाल्ला अल्लाकडे. कागदावर तुम्ही लिहा."

मला वाटलं, आता ही नोकरीही गेली. अर्बाब हसले आणि माझ्या हातातलं पेन घेऊन समासात रजेच्या दोन ओळी लिहून दिल्या.

पुढच्या भाद्रपदात काका गावी गेले. परत येताना आमच्यासाठी मालवणी, गुळाचे खटखटे लाडू घेऊन आले. माझ्या मुलीने एक तोंडात घातला आणि अडखळत विचारलं, "काका, हे इतकं हार्ड का असतं?"

"टिकूक व्हया ना बाय," ते म्हणाले.