दाजींची पहिली टाळी

दाजींनी टाळी वाजवली. गाणं संपलंच नव्हतं. ओळ अर्धवट लोंबकळत होती, हे माझ्यासारख्या दगडालाही कळत होतं. आणि ज्यांच्या टाळीवर अख्खा किनारा टाळी धरतो ते दाजी मांडीवरचे हात उचलून धडाधडा टाळ्या पिटत होते. तेही पोटच्या पोरीच्या गाण्यात.

पण एवढं सांगून भागायचं नाही. दाजी काय चीज आहे ते आधी कळायला हवं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा पत्र्याच्या पेट्यांचा. आमच्या आळीत सगळी दुकानं पत्र्याचीच. कुणी बादल्या करतं, कुणी पिंपं, कुणी धान्याच्या कोठ्या. मी दाजींच्या समोरच बसतो आणि त्यांच्या पेट्यांना बिजागऱ्या नि कड्या ठोकतो. सकाळी पहिली हातोडी पडली की जो ठणठणाट सुरू होतो, त्यात माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. म्हणून आळीत कुणी कुणाला हाक मारत नाही. माणूस पाठमोरा असला तर जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा. तो वळला की ओठांनी आणि हातांनी बोलायचं. मूठ वळून दाखवली की ‘अजून चाललंय, थांब’. पंजा उघडून खाली दाबला की ‘झालं, हातोडी ठेव’. आमच्याकडे थट्टा अशीच होते, भांडण असंच होतं, सोयरीकसुद्धा अशीच जुळते. पुढं ती सवय घरात येते आणि जेवतानाही आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो. पाहुण्यांना वाटतं, ही माणसं घास मोजतायत की काय.

दाजी तर बोलायला फारच मोजके. अंगानं वाळक्या लाकडासारखे, चिडणं नाही, ओरडणं नाही. नाद एकच, किनाऱ्यावरच्या मैफली.

आळी संपते तिथून रस्ता खाली उतरतो आणि उताराच्या टोकाला वाळू लागते. वाळूवर लाकडी रंगमंच आहे, समुद्राकडे पाठ करून उभा. दोन्ही अंगांना लोखंडी मनोरे आणि त्यांवर हे मोठे स्पीकर. समोर खुर्च्या, त्यांच्या मागं दगडी पायऱ्या. सामान चढवायला रंगमंचावरून एक लांब जाड फळी वाळूत उतरवलेली असते, आणि त्या फळीचं खालचं टोक ही दाजींची जागा. चपला काढायच्या, अनवाणी पाय फळीवर रोवायचे, तळहात शेजारी टेकायचा आणि बसायचं. गाणं कुठल्या का जातीचं असेना, दाजी हजर. फाटकवाला त्यांना बघितलं की ओरडायचा, “आले मालक! आता वाजवा म्हणावं!”

ढोल सुरू झाला की दाजींची मान अशी हलायची की बघत राहावं. वाजवणं थांबलं की पहिली टाळी त्यांची. नवख्या लोकांना टाळी कुठं द्यायची ते कळत नाही. ते आपले दाजींच्या टकलाकडे बघून बसायचे. वाजवणारेही त्यांच्याकडेच बघायचे. एका व्हायोलिनवाल्यानं तर रंगमंचावरून वाकून त्यांना नमस्कार केला होता. मी आळीत मिरवायचो, “आमच्या दाजींचा कान म्हणजे कान!” त्यावर दाजी नुसते हसायचे. मला वाटायचं, किती विनय माणसाला.

त्यांची एकुलती एक पोरगी, आळीनं तिचं नाव ठेवलं ठिणगी. पोरीला गळा होता. शिकायला पाठवा म्हटलं की तीच फणकारायची, “घरात बाबा असताना बाहेर कशाला तोंड वेंगाडू?” दुकान बंद झालं की दाजी दाराशी बसायचे आणि ही समोर एका पेटीवर बसून गायची. डोळे बापाच्या मानेवर. मान हलली की तो सूर पक्का झाला. नाही हलली की तो सूर टाकायचा आणि दुसरा धरायचा. असा सगळा गळा तिनं बापाच्या मानेवर बेतला.

यंदा किनाऱ्यावरच्या वाद्यवृंदाच्या मास्तरांनी तिला बोलावलं. मैफलीच्या सुरुवातीला एक गाणं, वाद्यांशिवाय, नुसता गळा. जमलं तर ते तिला वाद्यवृंदात घेणार होते. नाही जमलं तर ती पेट्यांना कड्या लावायला मोकळी.

मैफलीच्या दिवशी दुपारी तालमीला मी तिच्याबरोबर गेलो. दाजी पेट्या संपवत होते. गाणं ऐकून मास्तरांनी दाढी खाजवली.

“वरचा सूर घसरतोय गं.”

“नाही मास्तर. त्याच्यावर बाबांची मान हललीय.”

“बाबा म्हणजे कोण?”

“फळीवर बसतात ते.”

मास्तर चपापले. “ते तुझे वडील? मग माझंच काही चुकत असेल.” असं म्हणून त्यांनी दुसरं सांगितलं. “शेवटच्या ओळीआधी थांब. मान खाली घाल, श्वास घे. लोकांना घटकाभर समुद्र ऐकू दे. मग ओळ सोड.”

हे थांबणं दाजींना ठाऊक नव्हतं. सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सांगायचं काय त्यात? कान असणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

सूर्य बुडायला टेकला होता तेव्हा ठिणगी रंगमंचावर आली. दाजी फळीवर, त्यांच्या मागं ताई, ताईशेजारी मी. पोरगी गायला लागली आणि वरचा सूर घसरला. बाजूला उभ्या मास्तरांनी तोंड कडवट केलं. दाजींनी मान हलवली. मग ती थांबली, तिनं मान खाली घातली. लाटेचा आवाज नुकता कुठं वर यायला लागला होता.

आणि दाजींची टाळी पडली.

लोकांनी कसलाही विचार केला नाही. मालकांनी टाळी दिली म्हणजे गाणं संपलं. खुर्च्या वाजवू लागल्या, पायऱ्या वाजवू लागल्या. पोरगी श्वास भरलेला तसाच धरून उभी, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक.

“अहो!” ताई मागून ओरडली. “थांबा! संपलं नाही अजून!”

दाजी टाळ्या वाजवतायत.

“अहो, ऐकताय का!”

सवयीनं ताईचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला, आणि बोटभर अंतरावर थबकला. हात लागला असता तर ते वळले असते. तिनं हात मागं घेतला. तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं आणि सगळा जीव गोळा करून किंचाळली, “दुकानाला आग लागलीय!”

मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. फाटकवाला धावत सुटला. दाजींची पापणी लवली नाही, ते बघून रांगा परत खाली बसल्या. चेहरा उजळलेला, नजर पोरीवर, टाळ्या चालूच.

ज्या कानाची मी आळीभर टिमकी वाजवली तो कान माझ्यापुढं होता, आणि त्यात काही जात नव्हतं.

हे सगळं ठिणगीनं वरून बघितलं. आईचं तोंड तिच्या समोरच होतं, आणि आळीतल्या पोरीला ओठ वाचायला शिकवावं लागत नाही. आईचं तोंड, त्याला लागून बापाचा कान, आणि बापाचा तो हसरा चेहरा. तिला कळत होतं ते मला दिसत होतं. आता ही रडत आत पळणार, असं मला वाटलं.

तिनं हात वर केला आणि मूठ वळली.

दाजींचे हात जागच्या जागी थांबले. ते थांबले तशा खुर्च्या थांबल्या, पायऱ्या थांबल्या. आता कुठं समुद्र ऐकू आला.

ठिणगीनं डोळे मिटले. बापाकडे न बघता गायची ही तिची पहिली वेळ. शेवटच्या ओळीत तो वरचा सूर पुन्हा आला आणि पुन्हा घसरला. पण या वेळी तो तिनं स्वतः ऐकला. कपाळाला आठी पडली. ती खाली उतरली, तीच ओळ पुन्हा धरली आणि चाचपडत वर चढली. पुरता लागला असं मी म्हणणार नाही. जवळ गेली.

ओळ संपली. टाळी नाही. लोक दाजींकडे बघतायत, दाजी पोरीकडे. एवढा मोठा जमाव, पण खोकलासुद्धा नाही. तिनं डोळे उघडले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पंजा उघडून हळूच खाली दाबला.

मग टाळी पडली.

पुढची मैफल आम्ही ऐकलीच नाही. बाजूच्या पायरीवर आलो. वाद्यं जुळेपर्यंत मास्तर रंगमंच सोडून आमच्या मागं आले आणि दाजींकडे भूत बघितल्यासारखं बघत राहिले. “यांच्या मानेवर मी लय कमीजास्त केली! इतकी वर्षं!” मग भानावर येऊन ठिणगीला म्हणाले, “वाद्यवृंदात आत्ता नाही. पण सूर घसरला तो तुझा तुला कळला. सकाळी शिकायला ये. गळ्यापेक्षा कानापासून सुरू करावं लागेल.”

ते गेल्यावर ताईनं दाजींचं तोंड स्वतःकडे वळवलं. “कधीपासून?”

“एकदम नाही गेलं,” दाजी म्हणाले. “आधी तुझ्या बांगड्या गेल्या. मग कुकरच्या शिट्ट्या. मग माणसं. हातोडी तेवढी कळते. ती हाताला कळते.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगून काय व्हायचं? आळीत ऐकू कुणाला येतं?”

ताई एकदम उसळली, “आणि इतकी वर्षं मी स्वयंपाकघरातून भांडत आले ते कुणाशी?”

“ते ओट्याला माहीत.”

मला हसू फुटलं आणि ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. ठिणगी मात्र हसली नाही. बापाच्या समोर उकिडवी बसून एकेक शब्द ओठांवर नीट उमटवत तिनं विचारलं, “माझ्या गाण्यावर मान कशी हलवायचात?”

“तू बघायचीस माझ्याकडं. घाबरून बघायचीस. मग हलवायचो.”

“आणि हलवायचा नाहीत तेव्हा?”

दाजी ओशाळले. “दिवसभर पत्रा बडवलेला असायचा गं. डुलकी लागायची.”

पोरीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. बापाला डुलकी लागली म्हणून तिनं टाकून दिलेले सूर कुठं शोधायचे आता?

“मग दाजी, इथं कशाला येता?” मी विचारलं.

“फळीतून ढोल पायात चढतो. आणि इथं सगळे पुढं तोंड करून गप्प बसतात. कुणी कुणाला काही विचारत नाही.” त्यांनी चपला पायात सरकवल्या. “इथं मला काही कमी नसतं.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून आल्यावर ठिणगी पेटीवर बसली ती बापाकडे पाठ करून. दाजी उठून तिच्या समोर आले. ती फिरली. ते पुन्हा समोर आले, ती पुन्हा फिरली. शेवटी दाजी मुकाट तिच्या मागं बसले आणि त्यांनी पेटीच्या पत्र्यावर तळहात टेकला. ती गायला लागली. घसरली, थांबली, परत धरलं. एका सुराला दाजींची मान हलली. तिला ती दिसली नाही.

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिनं दाजींच्या खांद्याला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं आणि इतक्या वर्षांची सगळी भांडणं पहिल्यापासून सुरू केली.