धैर्यशीलची अस्तराची टोपी

अकोट्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सुहासिनी आणि तिचा धाकटा भाऊ धैर्यशील, दोघंच राहतात. ती अडुसष्ट वर्षांची, शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेली. तो एकसष्टचा. एका कारखान्यात चांगल्या नोकरीला होता. तिशीत त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले आणि नोकरी सुटली. तेव्हापासून औषधं चालू आहेत. आवाज कमी होतात, जात मात्र नाहीत.

गेल्या मार्चमध्ये ते वाढले. धैर्यशील कानांत कागदाचे बोळे कोंबू लागला. एकदा उशीला रक्त लागलेलं दिसलं, तेव्हा सुहासिनी घाबरली.

"ताई, मला थंडीतली टोपी करून दे ना," तो म्हणाला. "जाड. कान पूर्ण झाकणारी."

घडियाळी पोळ बाजारातला गुजराती लोकरवाला भर उन्हाळ्यातली ही मागणी ऐकून हसला. "बेन, आ उनाळामां टोपी?"

"भाई माटे," भावासाठी, एवढंच ती म्हणाली.

दोन सुलट, दोन उलट अशी घट्ट पट्टी, वर डोक्याचा गोल, आत फ्लॅनेलचं अस्तर, कानांपाशी दुहेरी. धैर्यशील रोज समोर लोकरीचा गुंडा धरून बसे. टोपी घातल्यावर त्यानं वर फिरत्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंखा ऐकू येत नाही." आणि थोड्या वेळानं, "तेही नाहीत."

अकरा दिवस बरे गेले. तो आपणहून जेवायला बसला, खाली जाऊन दूध घेऊन आला. डॉक्टरांनी त्याच सुमारास गोळ्याही वाढवल्या होत्या. गुण कशाचा, हे सुहासिनीनं विचारलं नाही. बाराव्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हात टोपीवर दाबलेले.

"ताई, ते आत अडकलेत. आता त्यांना बाहेर जायला वाट नाही."

"मग काढ ना रे ती."

"काढली तर घरभर होतील. तुलाही ऐकू येतील."

मे महिना त्यानं टोपीतच काढला. कपाळावर पुरळ उठलं, केस चिकटून त्यांना वास यायला लागला. तिनं अस्तर न लावता तश्शीच दुसरी विणली आणि तो झोपलेला असताना बदलली. जाग येताच त्याला कळलं. दोन दिवस त्यानं तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, "औषधांनी आता यापुढे फारसा फरक पडेल असं वाटत नाही."

आता ती अस्तराचीच आणखी एक विणते आहे. एक धुवायला टाकली तर दुसरी हवी. गुडघे दुखतात, दिसतंही कमी. परवा धैर्यशील शेजारी बसून बघत होता.

"ताई, तू गेल्यावर कोण विणेल?"

"बोलू नकोस, टाके चुकतात," ती म्हणाली.

टाके चुकले नव्हते. ते त्यालाही दिसत होतं. तो उठून आतल्या खोलीत गेला.